तणाची मोजणी

त्या रविवारी सकाळी दहा वाजता 'सुकाणू' या गटात चार हजार एकशे बारा माणसं होती. त्यांतली एक हजार तीनशे सहा माणसं त्या घटकेला फोन समोर धरून बसली होती. गटाची एक भिंत होती. सभासदांचे अनुभव तिथे कायमचे लावले जात. त्या भिंतीवर सहाशे सदतीस अनुभव होते. त्यांतले फसलेले शून्य.

दहाला एक मिनिट कमी असताना पडद्यावर सुकाणूदादा अवतरले. मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट होतं. त्यातल्या एकाही पुस्तकाच्या कण्यावर उघडल्याची सुरकुती नव्हती. दादांनी डोळे मिटले, उघडले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "प्रश्न हे बीज. बोट हे मूळ. आणि हजारोंचं शहाणपण ही माती. उगवेल ते उत्तर."

उगवायचं ते दोनच प्रकारचं. फोनवर एक चाक दिसे, जहाजाला असतं तसं. आपला प्रश्न लिहायचा, चाकावर बोट ठेवायचं, नऊ श्वास थांबायचं. मग चाक गरगर फिरे आणि 'चला'वर किंवा 'थांबा'वर टेके. लग्न करू का, नोकरी सोडू का, घर बदलू का, गुडघा कापून घेऊ का, सगळ्यांना तीच दोन उत्तरं. चाळीस दिवसांनी परत येऊन काय झालं ते लिहायचं. त्या रविवारी एका शिक्षिकेने लिहिलं होतं की 'थांबा' आलं म्हणून तिने बदली नाकारली आणि महिन्याभरात ती शाळाच बंद पडली. एका सुताराला 'चला' आलं, तो गेला, त्याला जोडीदार मिळाला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी विचारलं, दादा, चाकाला हे कळतं कसं? दादा हसले. "बोटाखाली तुमची कंपनं असतात. चाक फक्त ती वाचतं."

हे सगळं मोजणीताई बघत होती आणि तिलाही बरं वाटत होतं. हे नाव तिला बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढत नसे. आता ती विज्ञानाची पदवी घेऊन पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. पाण्याचा नमुना काचेच्या बशीत पसरायचा, बशी चोवीस तास उबेत ठेवायची आणि मग जंतूंच्या वसाहतींचे जेवढे ठिपके उगवतील तेवढे मोजायचे. तिथल्या मॅडमचा एकच नियम होता: बशी वाईट आली म्हणून टाकायची नाही. टाकलीच, तर का टाकली ते वहीत लिहायचं. पहिल्याच आठवड्यात मोजणीताईने एक घाणेरडी बशी गुपचूप धुतली होती, तेव्हा मॅडमनी तिला शांतपणे विचारलं होतं, "तुला पाणी तपासायचंय की पाण्याची बाजू घ्यायचीय?"

आता अशी मुलगी या चाकाच्या नादाला लागली कशी? साधं आहे. ही नोकरी घेऊ का, असं तिने चाकाला विचारलं होतं. 'चला' आलं. नोकरी चांगली निघाली. तिने अनुभव लिहिला, भिंतीवर लागला, दोनशे जणांनी वाहवा केली आणि पंधरा दिवसांनी खुद्द दादांचा निरोप आला: ताई, तुमची नजर स्वच्छ आहे, आमच्या बागेत माळी व्हाल का?

माळी एकूण अकरा. आलेले अनुभव या अकरा जणांत वाटले जात. प्रत्येकाचा वाफा वेगळा, दुसऱ्याचा वाफा कुणाला दिसत नसे. चांगला अनुभव आला की भिंतीवर लावायचा. कुरकुर करणारा, घाबरवणारा, 'नकारात्मक' असा आला की ते तण. ते काढायचं. काढलं की लिहिणाऱ्याला आपोआप निरोप जाई: "आपलं मन विचारताना शांत नव्हतं. शांत होऊन पुन्हा विचारा."

मोजणीताई बसची वाट बघताना आठवड्यातून एकदोन तण काढत असे. वाटायचं, आपल्याच वाट्याला जरा जास्त येतंय. बाकीच्यांचे वाफे कसे फुललेले असणार, भिंत बघा ना केवढी भरलेली. उरलेल्या दहा माळ्यांनाही रोज नेमकं हेच वाटत होतं, हे तिला फार उशिरा कळलं.

एका मंगळवारी तिच्या वाफ्यात एका बसचालकाचं लिखाण आलं. चारच ओळी होत्या. "काचबिंदू आहे. ऑपरेशन करू का विचारलं तर थांबा आलं. थांबलो. आता डाव्या बाजूचा आरसा दिसत नाही, म्हणून गाडी चालवणं सुटलं. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो."

तिने वाचलं. बिचारा, असं मनात आलं. समोर बस आली. तिने 'काढा'वर बोट ठेवलं आणि पाय पायरीवर ठेवला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिच्या बाबांना काचबिंदू निघाला.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डाव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग अडकवून खसखशीच्या दाण्याएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दाब मोजला, डावा बत्तीस. वीस-एकवीसच्या आत हवा. नजर मोजली, डावा सहा-बारा. निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसेल ते बाबांना सहा मीटरवरून दिसत होतं. थेंब दिले. पंधरा दिवसांनी दाब अठ्ठावीसपर्यंत उतरला आणि तिथेच अडून बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, हा आजार दुखत नाही, म्हणून फसवतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. महिन्याच्या आत ऑपरेशन करून टाकू.

बाबांना सुरीची भीती. दुसऱ्याच्या घड्याळाचं पोट ते हसत उघडत, पण स्वतःच्या डोळ्याला कुणी हात लावणार म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दुपारी दुकानात त्यांनी मुलीचाच फोन मागितला. "तुझ्या त्या बागेत डोळ्यांचं काही आहे का बघ."

तिने भिंतीवर 'डोळा' हा शब्द शोधला. सात अनुभव निघाले. सातही जणांना 'थांबा' आलं होतं, सातही थांबले होते, सातही मजेत होते. बाबांनी सातही दोन-दोनदा वाचून घेतले. मग चाकावर बोट ठेवलं. नऊ श्वास. थांबा.

आई शिवणकाम करायची. तोंडातल्या टाचण्या काढत ती म्हणाली, "त्या चाकाला स्वतःला डोळे आहेत का?"

"आई, सात जणांचं लिहिलेलं आहे," मोजणीताई म्हणाली. आईने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या, कारण घरात शिकलेली मुलगीच होती. बसचालकाच्या चार ओळी त्या वेळी तिला आठवल्या का? आठवल्या. पण त्या एका माणसाच्या होत्या आणि हे सात होते. शिवाय त्याचं मन शांत नसेल. खरं सांगायचं तर बाबांच्या डोळ्याजवळ सुरी जाणार नाही म्हणून तिलाही सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ज्याने सुटल्यासारखं वाटतं ते तपासायला कुणाचा हात पुढे होत नाही.

चाळीस दिवस गेले. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबा. बाबा थेंब नेमाने घालत होते. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा बाबांनी सांगितलं, बघतो, कळवतो.

एका सोमवारी ती डबा द्यायला दुकानात गेली आणि दारातच थांबली. बाबा नेहमीसारखे वाकून बसले होते, हातात चिमटा होता. पण भिंग उजव्या डोळ्याला होतं.

"बाबा, भिंग या बाजूला कसं?"

"होतं असंच. या बाजूने जरा बरं पडतं."

"कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस. तू कशाला मनावर घेतेस?"

तिने त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोर बोटं धरली. किती? बाबा म्हणाले, तीन. बोटं दोन होती. ती जवळ सरकली. किती? बाबा हसून म्हणाले, "चार. मला माहीत आहे, तू नेहमी वाढवत नेतेस." ती आणखी जवळ गेली. टेबलाच्या कडेपाशी आल्यावर बाबांनी पहिल्यांदा बरोबर आकडा सांगितला. मोजणीताईने त्यांच्या हातातला चिमटा काढून ठेवला. दुकानातली घड्याळं टिकटिकत होती.

दवाखान्यात त्याच दुपारी दाब मोजला, अडतीस. डावा डोळा तक्त्यावरचं एकही अक्षर वाचेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी बोटं धरली आणि कागदावर लिहिलं: एक मीटरवरून बोटं मोजता येतात. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं की तीन महिने कुठे होतात. बाबांनी मुलीकडे पाहिलं नाही. "कामाच्या गडबडीत राहिलं," ते म्हणाले. त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, आणि ते तिला डॉक्टरबाईंनी झापलं असतं त्यापेक्षा जड गेलं. ऑपरेशन गुरुवारी ठरलं.

मंगळवारी ती प्रयोगशाळेत बशा मोजायला बसली. पहिल्या बशीत सत्तेचाळीस ठिपके. दुसरी बशी भयंकर आली होती, ठिपक्यांना ठिपके चिकटलेले. सवयीने तिने वही ओढली आणि लिहिलं, 'मोजण्यापलीकडे, नमुना पुन्हा घ्यावा.' लिहिता लिहिता तिचा हात थांबला. सात महिन्यांत तिने वाफ्यातून जे जे काढलं होतं त्याची कुठे वही होती का?

वही नव्हती. पण खण होता. काढलेलं लिखाण गटाच्या एका खणात पडून राहत असे, माळ्यालाच दिसे असं. तिने आजवर तो उघडला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत उघडला आणि कागदावर रेघा मारत मोजलं. भिंतीवर लावलेले, अठ्ठावन्न. काढलेले, एकसष्ट.

तिने पुन्हा मोजलं. एकसष्टच.

मग तिने चाक घेतलं. प्रश्न लिहिला: पहिल्या बशीत सत्तेचाळीस ठिपके आहेत, वहीत सत्तेचाळीसच लिहू का? साठ वेळा हाच प्रश्न, साठ वेळा नऊ श्वास. सगळी सुट्टी त्यातच गेली. चला, एकतीस. थांबा, एकोणतीस. हवेत नाणं उडवलं असतं तरी एवढंच हाती लागलं असतं, आणि श्वास वाचले असते.

मॅडम समोर डबा खात होत्या. काय चाललंय हे ऐकून घेतल्यावर त्यांनी डब्यातली काकडीची चकती उचलली आणि चाकावर ठेवली. दोघींनी नऊ श्वास घेतले. काकडी घेत नव्हती. चाक फिरलं. पडद्यावर अक्षरं आली: "तुमची कंपनं आज अतिशय शांत आहेत. चला."

मॅडमनी काकडी खाल्ली. "चाकाचं कळलं," त्या म्हणाल्या. "आता भिंत कशी भरली, ते बघ."

त्याच दुपारी तिने बाकीच्या दहा माळ्यांना लिहिलं: तुमच्या खणात किती आहेत, मोजून सांगाल? चौघांनी उत्तर दिलं नाही. सहा जणांनी दिलं, आणि सहाही जणांनी आधी तेच वाक्य लिहिलं होतं: माझ्याच वाफ्यात जरा जास्त निघतील हं. तिच्यासकट सात वाफे मिळून भिंतीवर लावलेले तीनशे एकाहत्तर. काढलेले तीनशे अठ्ठ्याऐंशी. काढलेल्यांत डोळ्यांचे नऊ; इतरांकडचे तिने मागवून घेतले.

चमत्कार एवढाच होता. नाणं उडवायचं, छापा आला की भिंतीवर टांगायचा, काटा आला की खणात टाकायचा, आणि खणात टाकायचं काम अकरा भल्या माणसांत असं वाटायचं की कुणालाच आपण खोटं करतोय असं वाटू नये. फुलं सगळ्यांची सगळ्यांना दिसत होती. तण मात्र ज्याचं त्याला.

बुधवारी तिने दादांना फोन लावून खणातली मोजणी, बसचालक, काकडी, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट फारच गोड बोलले. मी कुणाला खोटं सांगितलंय का ताई, मी फक्त बाग नीट ठेवली, असं म्हणाले. मग काकडीबद्दल म्हणाले की वनस्पतींनाही कंपनं असतात.

"दादा, माझ्या बाबांचा डोळा गेलाय."

"फार वाईट झालं. पण एक विचारू?" दादांचा आवाज जराही हलला नाही. "त्या बसचालकाचं मी काढलं, की तुम्ही?"

उत्तर एकाच शब्दाचं होतं. तिने फोन ठेवला आणि खण उघडला.

खणातल्या लिखाणाखाली बसचालकाचा नंबर होता. त्याला फोन लावायला तिला जेवढं धैर्य लागलं तेवढं बाबांना ऑपरेशनला हो म्हणायलाही लागलं नसेल. तिने आपण कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं.  मग तो म्हणाला, "म्हणजे तो निरोप तुम्ही पाठवला होता? मन शांत नव्हतं, तो?"

"आपोआप जातो तो. पण हो. मीच."

"मी तो बायकोला वाचून दाखवला होता. म्हटलं, बघ, माझंच चुकलं. नऊ श्वासांत माझे आठच झाले असतील." तो थोडा हसला. "मग मी पुन्हा विचारलं होतं, ताई. शांत होऊन."

ती माफी मागू लागली तेव्हा त्याने तिला अडवलं. माफीचं नंतर बघू, म्हणाला, आधी ते माझं लिहिलेलं जिथे लावायचं होतं तिथे लावा.

बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजता तिने ते लावलं. त्याच्या चार ओळी जशाच्या तशा, खाली डोळ्यांचे उरलेले आठ, आणि त्याखाली स्वतःचं:

"मी या बागेतली माळी. सात महिन्यांत मी एकसष्ट जणांचं खरं बोलणं काढून टाकलं. ते वाईट होतं म्हणून नाही, ऐकायला वाईट वाटत होतं म्हणून. सात वाफ्यांची मोजणी खाली दिली आहे; कुणीही ताडून पाहावी. चाक काकडीलाही उत्तर देतं. तेही घरी करून बघा. अनोळखी माणसांना सल्ला विचारण्यात गैर काहीच नाही, मीही विचारेन. पण कुणी सहाशे यशं दाखवली तर आधी विचारा, अपयशं कुठे ठेवता? ती दाखवत नसतील तर ती सहाशे म्हणजे सहाशे नव्हेत, शून्य माहिती आहे. आणि जिथे मोजायचं यंत्र आहे, मोजणारा माणूस आहे, तिथे आधी जा. चाळीस दिवस थांबू नका. माझे बाबा ऐंशी दिवस थांबले. माझ्या शब्दावर थांबले."

ते लिखाण भिंतीवर नऊ मिनिटं टिकलं. मग ते गेलं आणि तीही गेली. गटाचं दार तिच्यासाठी बंद झालं. पण नऊ मिनिटांत दोनशे चौदा जणांनी ते वाचलं होतं, आणि त्या सहा माळ्यांपैकी एकाने, एका निवृत्त ग्रंथपालाने, ते उतरवून घेतलं होतं. रात्रीपर्यंत त्याने नवं पान उघडलं. तिथे नियम एकच: आलेलं काढायचं नाही.

राहिलं एक काम. गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर बाबा ऑपरेशनची वाट बघत बसले होते. आई कागद भरायला गेली होती. मोजणीताईने सगळं सांगितलं. बसचालक, मंगळवार, चार ओळी.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. घड्याळ कानाला लावून ऐकत तसंच, मान तिरपी करून.

"मी विचारलं त्याच्या आधीचं हे?"

"पाच आठवडे आधीचं."

"म्हणजे तू ठेवलं असतंस, तर मी शोधलं तेव्हा सापडलं असतं."

"हो."

"मग मी ऐकलं असतं का कुणास ठाऊक," बाबा म्हणाले. "मला थांबाच हवं होतं."  हिशेब जुळवावा तसं त्यांनी विचारलं, "काढायला किती वेळ लागला?"

तिने तो वेळ आधीच मोजला होता. पुन्हा बस थांब्यावर उभी राहून, मोकळ्या पडद्यावर बोट ठेवून मोजला होता.

"चार सेकंद."

बाबांनी मान हलवली. आतून परिचारिकेने हाक मारली. उठताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला, तेव्हा तिने त्या बाजूला जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. कागद मोजणीताईच्या हातात दिला. त्यावर असं लिहिलं होतं:

दाब, डावा: चौदा.
नजर, उजवा: सहा-नऊ.
नजर, डावा: एक मीटरवरून बोटं मोजता येतात.